नैराश्यात आपला थेरपिस्ट कसा शोधावा?

१९८० च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं नैराश्यावरच्या उपचारांची एक मोठी तुलना हाती घेतली. पिट्सबर्ग, वॉशिंग्टन आणि ओक्लाहोमा सिटी या तीन ठिकाणी मिळून २५० रुग्ण निवडले आणि त्यांचे चार गट केले. दोन गटांना दोन वेगवेगळ्या पद्धतींची बोलण्यातून होणारी थेरपी मिळाली. तिसऱ्या गटाला इमिप्रमीन हे त्या काळातलं भरवशाचं औषध मिळालं. चौथ्या गटाला मिळाली तशीच दिसणारी, पण आत औषधच नसलेली गोळी. कोणाच्या हातात खरी गोळी आहे आणि कोणाच्या हातात खोटी, हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि ती लिहून देणाऱ्या डॉक्टरलाही. १६ आठवडे हे चाललं. १९८९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि ‘कोणता उपचार सरस’ यावर वाद सुरू झाला.

त्याच कागदपत्रांत आणखी एक गोष्ट दडलेली होती आणि ती बाहेर यायला २००६ साल उजाडलं. केव्हिन मॅके, झॅक इमेल आणि ब्रूस वॅम्पोल्ड या संशोधकांनी गोळ्यांच्या दोन गटांतल्या ११२ रुग्णांची आकडेवारी पुन्हा उघडली. या रुग्णांना ९ मनोविकारतज्ज्ञांनी तपासलं होतं. आता प्रश्न वेगळा विचारला गेला. रुग्णांच्या सुधारणेत जो फरक दिसतो, त्यातला किती फरक गोळीमुळे पडला आणि किती ती गोळी देणाऱ्या माणसामुळे? उत्तर असं निघालं की गोळी खरी की खोटी यामुळे सुमारे ३ टक्के फरक पडला होता आणि डॉक्टर कोण होता यामुळे सुमारे ९ टक्के. सर्वांत चांगल्या डॉक्टरांच्या हातून खोटी गोळी घेतलेले रुग्ण, सर्वांत कमकुवत डॉक्टरांच्या हातून खरं औषध घेतलेल्या रुग्णांपेक्षा जास्त सुधारले होते.

मला मानसोपचाराच्या सगळ्या संशोधनात याहून थक्क करणारी गोष्ट माहीत नाही. यातून औषधं निरुपयोगी आहेत असा अर्थ मात्र काढायचा नाही. त्याच चांगल्या डॉक्टरांनी खरं औषध दिलं तेव्हा रुग्ण आणखी सुधारले. अर्थ इतकाच की समोर बसलेला माणूस हा स्वतःच उपचाराचा एक मोठा भाग असतो. याच प्रकल्पातल्या बैठकांचं चित्रीकरण तपासून जॅनिस क्रुपनिक आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवून दिलं होतं की रुग्ण आणि उपचारक यांचं नातं जिथे घट्ट जमलं तिथे गुण जास्त आला, आणि हे चारही गटांत खरं होतं, अगदी खोट्या गोळीच्या गटातही.

आपल्याकडे मात्र चौकशी वेगळीच होते. ‘कोणती थेरपी चांगली?’, ‘कोणता डॉक्टर मोठा?’, ‘किती वर्षांचा अनुभव?’ हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण अपुरे आहेत. अनुभवाचंच बघा. २०१६ मध्ये सायमन गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी १७० थेरपिस्टांनी पाहिलेल्या ६,५९१ रुग्णांची नोंद तपासली. थेरपिस्टची वर्षं वाढत गेली तसे त्याच्या रुग्णांचे निकाल वाढले नाहीत, उलट अगदी किंचित घसरले. म्हणजे पांढरे केस आणि भिंतीवरच्या फ्रेमा पाहून निवड करण्याला फारसा आधार नाही.

मुळात नुसत्या बोलण्यानं आजार हटतो, हेच पटायला अवघड जातं. ते पटवून दिलं फिलाडेल्फियाच्या ॲरन बेक यांनी. बेक (१९२१–२०२१) घडले फ्रॉइडच्या परंपरेत. नैराश्य म्हणजे आत वळलेला राग, असं ती परंपरा मानत असे. हे सिद्ध करावं म्हणून बेक यांनी नैराश्याच्या रुग्णांची स्वप्नं गोळा केली. त्यांत राग सापडेना. सापडत होतं ते काहीतरी गमावणं, नाकारलं जाणं, हरणं. पुढे एकदा एक रुग्ण त्यांच्यावर चिडून बोलत असताना बेक यांनी त्याला विचारलं, आत्ता नेमकं काय वाटतंय? रुग्ण म्हणाला, फार अपराधी वाटतंय. तोंडानं राग बाहेर पडत असताना त्याच्या मनात त्याच क्षणी दुसरी एक धार वाहत होती. मी असं बोलायला नको होतं, मी वाईट आहे, आता हे मला नको म्हणतील. हे विचार रुग्णानं तोवर कधी सांगितले नव्हते, कारण कुणी विचारलंच नव्हतं. बेक यांची सारी उपचारपद्धती या दुसऱ्या धारेकडे लक्ष देण्यातून उभी राहिली. १९७७ मध्ये ४१ रुग्णांवरच्या अभ्यासात ही थेरपी इमिप्रमीनच्या बरोबरीनं उतरली, किंबहुना सरस ठरली.

पुढे २००५ मध्ये स्टीव्हन हॉलन आणि रॉबर्ट डेरुबाइस यांच्या गटानं आणखी एक गोष्ट दाखवली. बरे झालेल्या रुग्णांचा उपचार थांबवला आणि वर्षभर वाट पाहिली. ज्यांचं औषध बंद केलं होतं त्यांच्यातल्या सुमारे ७६ टक्क्यांना नैराश्यानं पुन्हा गाठलं. ज्यांची थेरपी संपली होती त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ३१ टक्के होतं. थेरपीत माणूस काहीतरी शिकतो आणि ते शिकलेलं बैठका संपल्यावरही त्याच्याजवळ राहतं.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी धागा जुळतो तो बेक यांच्या आधी, १९५५ मध्ये, विवेकनिष्ठ मानसोपचार मांडणाऱ्या अल्बर्ट एलिस यांच्यामार्फत. प्रा. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी कित्येक वर्षं पत्रव्यवहार करून ही पद्धत आत्मसात केली, भारतात रुजवली आणि समुपदेशकांच्या पिढ्या तयार केल्या. ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेनंही हा विचार मराठीत घरोघरी पोचवला. मराठी वाचकाला एलिस परका वाटत नाही, याचं श्रेय या मंडळींना आहे.

पण मग पद्धत कुठली निवडायची? १९३६ मध्येच सॉल रोझेनझ्वाइग यांनी म्हणून ठेवलं होतं की वेगवेगळ्या पद्धतींचे निकाल सारखेच येतात, कारण त्यांच्यातलं जे समान असतं तेच बहुधा काम करत असतं. नंतरच्या शेकडो तुलनांनी नैराश्याच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरं ठरवलं. विचार तपासणारी थेरपी, नातेसंबंधांवर काम करणारी थेरपी, कृतीपासून सुरुवात करणारी थेरपी, या नीट शिकून, नीट दिल्या तर त्यांच्या परिणामांत फार अंतर नसतं. त्यांच्यातलं समान काय, हे १९७९ मध्ये एडवर्ड बॉर्डिन यांनी तीन गोष्टींत मांडलं. आपण कुठे पोचायचं यावर दोघांचं एकमत, तिथे पोचायला काय करायचं यावर एकमत, आणि एकमेकांवरचा विश्वास. २०१८ मध्ये या विषयावरचे २९५ अभ्यास, ३०,००० हून अधिक रुग्णांचे, एकत्र तपासले गेले. देश कोणताही असो, पद्धत कोणतीही असो, ही तीन सूत्रं जुळलेली असली की निकाल बरे येतात, हे त्यात पुन्हा दिसलं.

माझ्या मते या साऱ्याचा सर्वांत सुंदर पुरावा आपल्या शेजारी, गोव्यात आहे.

डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये गोव्यात ‘संगत’ ही संस्था उभी केली. प्रश्न सरळ होता. गावात मनोविकारतज्ज्ञ नाही, येण्याची शक्यताही नाही, मग नैराश्यानं खंगलेल्या माणसाशी बोलायचं कुणी? त्यांनी गावातलीच माणसं घेतली. मानसशास्त्राची पदवी नाही, दवाखान्यातला अनुभव नाही. तीन आठवड्यांचं वर्गातलं प्रशिक्षण आणि मग सहा महिने देखरेखीखाली काम, एवढ्या तयारीवर ही मंडळी समुपदेशक झाली. गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्य असलेले ४९५ जण या प्रयोगात आले. अर्ध्यांना नेहमीचे उपचार, थोडे सुधारून. अर्ध्यांना तेच उपचार आणि वर या समुपदेशकांच्या सहा ते आठ भेटी. प्रत्येक भेट अर्धा-पाऊण तासाची, कधी आरोग्य केंद्रात, कधी रुग्णाच्या घरी.

या भेटींत काय चालायचं? बालपणाची उकल नाही, स्वप्नांचा अर्थ नाही. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. आधी भजनाला जाणं सुटतं, मग शेजारी बसणं, मग अंगणात येणं, मग केस विंचरणं. सोडलेल्या प्रत्येक गोष्टीबरोबर तिच्यातून मिळणारं थोडं समाधानही जातं, त्यामुळे मन आणखी खचतं आणि आणखी काही सुटतं. समुपदेशक हे चक्र रुग्णाबरोबर बसून कागदावर काढतो आणि उलटं फिरवायला सुरुवात करतो. मन प्रसन्न होईल मग मी उठेन, असं म्हणत थांबायचं नाही. आधी उठायचं. समजा, एखादी बाई महिनाभर घराबाहेर पडलेली नाही. तिला ‘रोज फिरायला जा’ असं सांगून काही होत नाही. ठरतं ते इतकंच की मंगळवारी सकाळी चहा झाल्यावर दारातल्या झाडांना पाणी घालायचं आणि गुरुवारी दहा मिनिटं बहिणीशी फोनवर बोलायचं. पुढच्या भेटीत विचारायचं, केलंस का, आणि केल्यावर कसं वाटलं? नाही जमलं तर रागवायचं नाही, नेमकं काय आडवं आलं ते शोधायचं आणि पायरी आणखी लहान करायची. घरात मारहाण किंवा कर्ज असेल तर त्याचीही वाट शोधायची.

तीन महिन्यांनी मोजदाद झाली. समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. न मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकानं हा निबंध छापला. वर्षभरानंतरही हा फायदा टिकून होता.

यातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही, पण मला ती सर्वांत मोलाची वाटते. हे समुपदेशक आपल्या भेटींचं ध्वनिमुद्रण एकमेकांना ऐकवत आणि ठरलेल्या मोजपट्टीवर एकमेकांना गुण देत. म्हणजे दर आठवड्याला कुणीतरी त्यांना सांगत होतं की इथे तू रुग्णाचं बोलणं मध्येच तोडलंस, इथे छान थांबलास. मोठमोठ्या पदव्या घेतलेल्या किती उपचारकांना हे कुणी सांगत असेल? वर्षं वाढूनही निकाल का वाढत नाहीत याचं एक उत्तर मला इथे दिसतं. झिम्बाब्वेची राजधानी हरारे इथे मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये वस्तीतल्या आजीबाईंना दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसवून असंच काम सुरू केलं आणि तेही चाचणीत उतरलं.

आता आपल्या दारात येऊ. २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात दर २० प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याचा आजार होतो आणि त्या वेळी आजारी असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के उपचाराविना होते. म्हणूनच जो कुणी उपचार शोधायला निघतो त्याला योग्य दारापर्यंत पोचवणं महत्त्वाचं आहे. पहिल्याच दारात वाईट अनुभव आला तर बरीच माणसं दुसरं दार ठोठावत नाहीत.

पाट्यांचा गोंधळ आधी दूर करू. मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हा आधी एमबीबीएस झालेला आणि नंतर मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. नैराश्याची औषधं त्यानं लिहून द्यायची. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाही. तो चाचण्या आणि थेरपी करतो, आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याची नोंदणी असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका, तो सांगायला खऱ्या माणसाला अडचण नसते. समुपदेशक किंवा कौन्सेलर बहुधा मानसशास्त्रात एमए केलेला किंवा समाजकार्यात एमएसडब्ल्यू झालेला असतो. यांच्यात उत्तम माणसं आहेत, पण नोंदणीची सक्ती आजवर सैल राहिली आहे. २०२१ च्या कायद्यानं संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोग आणला, त्याची घडी अजून बसते आहे. ‘थेरपिस्ट’ ही पाटी मात्र कुणीही लावू शकतं. नावामागचा ‘डॉ.’ वैद्यकाचा आहे की पीएचडीचा, हेही पाहावं. दोन्ही मानाचेच, पण गोळी बदलण्याचा सल्ला पीएचडीवाल्याकडून घ्यायचा नाही.

सुरुवात कुणाकडे करावी? झोप पार उडाली असेल, जेवण तुटलं असेल, कामावर जाणं थांबलं असेल, भास होत असतील किंवा मरणाचे विचार येत असतील, तर आधी मनोविकारतज्ज्ञाकडे. थायरॉइड कमी असेल, रक्तात बी-१२ कमी असेल तरी नैराश्यासारखी लक्षणं दिसतात, ते तपासून घ्यावं लागतं. पूर्वी कधी अकारण उत्साहाचा, झोपेविना दिवस काढल्याचा, पैसे उधळल्याचा काळ येऊन गेला असेल तर आजार वेगळा असू शकतो आणि त्याची औषधंही वेगळी असतात. तो काळ डॉक्टरला आवर्जून सांगायला हवा, कारण रुग्णाला स्वतःला तो आजार वाटलेलाच नसतो. नैराश्य सौम्य किंवा मध्यम असेल तर थेट थेरपीपासून सुरुवात करायला हरकत नाही. तीव्र नैराश्यात औषध आणि थेरपी दोन्ही मिळून जास्त गुण देतात. औषधाचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावरही ते काही महिने चालू ठेवायचं असतं. मनानं बंद करायचं नाही.

निवडीत भाषेला माझ्या लेखी पहिल्या रांगेत जागा आहे. ७६ अभ्यासांच्या एका एकत्रित तपासणीत, ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशांना त्यांच्या भाषेत मिळालेली थेरपी दुपटीनं परिणामकारक दिसली. आपल्याकडे शहरातले पुष्कळ तरुण थेरपिस्ट इंग्रजीत शिकलेले असतात आणि सवयीनं इंग्रजीतच बोलतात. जिला ‘जीव घाबरा होतो’, ‘कशातच मन लागत नाही’, ‘डोक्यात सतत चक्र फिरतं’ असं म्हणायचं आहे तिला इंग्रजी शब्द शोधत बसावं लागलं तर तिचं निम्मं दुःख खोलीबाहेरच राहतं. गोव्यातला उपक्रमही कोकणी, मराठी, हिंदी अशा रोजच्या भाषांत चालला आणि रुग्णांशी बोलताना आजाराच्या नावाऐवजी ‘टेन्शन’ सारखे त्यांचेच शब्द वापरले गेले. परदेशातल्या मराठी माणसाचंही हेच आहे. तिथला परवानाधारक थेरपिस्ट मराठी जाणणारा असेल तर उत्तमच.

काही वेळा बाई हवी की पुरुष, आपल्या वयाचा की मोठा, आपल्या गावचा की अजिबात ओळखपाळख नसलेला, हेही महत्त्वाचं ठरतं. लहान गावात तर ओळख नसलेलाच बरा. यातलं काहीही मागण्यात गैर नाही. नात्यातल्या किंवा मैत्रीतल्या थेरपिस्टकडे मात्र जाऊ नये. चांगला थेरपिस्ट स्वतःच नकार देईल.

पहिली भेट ही दोघांचीही परीक्षा असते. चांगला थेरपिस्ट घाईनं सल्ला देत नाही. झोप, भूक, पाळी, दारू, आधीचे आजार, घरातलं कोण कसं वागतं, हे सगळं विचारतो. मरावंसं वाटतं का, हा प्रश्न तो स्पष्ट शब्दांत विचारतो. या प्रश्नानं रुग्णाच्या डोक्यात तो विचार घातला जातो, ही समजूत खोटी आहे. विचारल्यानं माणसाला हायसं वाटतं. सोबत आलेल्या आईला किंवा नवऱ्याला काही वेळ बाहेर बसवून तो रुग्णाशी एकट्याशी बोलतो. बोललेलं गुप्त राहील आणि जिवाला धोका असेल तेव्हाच घरच्यांना सांगावं लागेल, हे आधीच स्पष्ट करतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं गोपनीयता हा रुग्णाचा हक्कच ठरवला आहे.

आपणही विचारावं. नैराश्याच्या किती रुग्णांबरोबर काम केलं आहे? कोणत्या पद्धतीनं काम करता आणि ती मला साध्या शब्दांत सांगाल का? साधारण किती बैठका लागतील? मी सुधारतो आहे हे आपल्याला कसं कळेल? फी किती, आणि बैठक चुकली तर काय? तुमच्या कामावर ज्येष्ठांची देखरेख आहे का? या शेवटच्या प्रश्नावर जो चिडेल त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

घरी परतताना मात्र बॉर्डिनचे तीन प्रश्न स्वतःला विचारायचे. मला कुठे पोचायचं आहे ते यांना कळलं का? जे करायला सांगितलं ते मला पटलं का? मी यांच्यापुढे खरं बोलू शकेन का? पहिल्याच दिवशी तिन्हींचं उत्तर होकारार्थी येईलच असं नाही. तीन-चार भेटी द्याव्यात. रडू येणं, थकवा वाटणं, जुनं काही उफाळून येणं ही वाईट थेरपीची खूण नव्हे. अपमान वाटणं, आपण तपासले जात नसून आपला न्यायनिवाडा होतो आहे असं वाटणं, ही खूण आहे.

काही ठिकाणी मात्र एक भेटही जास्त होते. बरं होण्याची हमी देणारा, चालू औषधं एका दिवसात बंद करायला सांगणारा, दुसऱ्या रुग्णांच्या गोष्टी नावानिशी सांगणारा, बैठकीबाहेर भेटीगाठी आणि जवळीक वाढवू पाहणारा, जात, धर्म किंवा पेहरावावरून शेरे मारणारा. समलिंगी व्यक्तीला ‘बदलून’ देण्याची भाषा करणारा डॉक्टर तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या आदेशानुसार गैरवर्तनाचा दोषी ठरतो. तिथून सरळ उठावं.

सुधारणा मोजावी, नुसत्या अंदाजावर राहू नये. त्यासाठी पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी जगभर वापरली जाते, मराठीतही मिळते आणि फुकट आहे. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटला नाही, झोप, थकवा, स्वतःविषयी वाईट वाटणं, मरणाचे विचार असे नऊ मुद्दे. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा अधिक गुण आले तर तपासणी करून घ्यावी. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शून्य नसेल तर एकूण बेरीज कितीही असो, त्याच दिवशी कुणाशी तरी बोलावं. दर दोन आठवड्यांनी ही यादी भरून थेरपिस्टला दाखवावी. याची गरज थेरपिस्टलाही असते. २००५ मध्ये कोरीन हॅनन आणि मायकेल लॅम्बर्ट यांच्या अभ्यासात थेरपिस्टांना ५५० रुग्णांपैकी कोण बिघडेल असं विचारलं, त्यांनी तिघांची नावं घेतली. प्रत्यक्षात ४० जण बिघडले होते आणि त्या तिघांतला एकच त्यांत होता. म्हणून ‘मला फरक पडत नाही’ हे आपणच सांगावं लागतं. ‘मागच्या वेळी तुम्ही जे म्हणालात ते मला लागलं’ हेही सांगावं. आपल्याकडे डॉक्टरला असं बोलायची रीत नाही, पण चांगल्या थेरपीत नेमक्या अशाच क्षणानंतर नातं घट्ट होतं. सहा-आठ भेटींनंतरही गुण हलत नसतील तर पद्धत बदलावी, औषधाचा विचार करावा किंवा माणूस बदलावा. थेरपिस्ट बदलणं हा विश्वासघात नाही.

खर्चाचं बोललंच पाहिजे. शहरातल्या खासगी बैठकीची फी अनेक घरांना झेपत नाही. पण महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि त्यांचे बाह्यरुग्ण विभाग नैराश्यासाठीही खुले आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक जिल्हा रुग्णालयात बसतं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. मुंबईत केईएम, नायर, सायन, पुण्यात ससून, अशा वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत केसपेपर काढून मनोविकार विभागात जाता येतं. गर्दी असते, वेळ कमी मिळतो, हे खरं. तरी तिथल्या मानसशास्त्रज्ञाची वेळ वेगळी मागता येते. टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ सेवा फोनवर समुपदेशन करते. २०१७ च्या कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीनं धरायला सांगितलं आहे, तेव्हा पॉलिसी काढून वाचा.

शेवटचं बोलणं घरच्यांशी. चौकशी करणं, चार फोन लावणं, नकार पचवणं, वेळ ठरवणं, बस पकडून जाणं, याला लागणारी उमेदच नैराश्य आधी काढून घेतं. ‘तूच बघ कुणीतरी चांगला’ असं म्हणून हे काम आजारी माणसावर टाकू नका. दोन-तीन नावं तुम्ही काढा, नोंदणी तुम्ही तपासा, पहिली वेळ तुम्ही ठरवा, सोबत जा आणि बाहेर बसा. निवड मात्र त्याची किंवा तिची राहू द्या. नाव सापडत नसेल, रात्र असेल, पैसे नसतील, तर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, विनामूल्य, मराठीतूनही. क्रमांक १४४१६. आपल्या माणसासाठी हा फोन तुम्हीही लावू शकता.